उन्हात चिकटणारा डॅशबोर्ड

अमेरिकेतल्या फ्लोरिडासारख्या उष्ण आणि दमट राज्यांत टोयोटा आणि लेक्ससच्या काही जुन्या मॉडेलांचे डॅशबोर्ड वितळल्यासारखे चिकट झाले होते. कंपनीला ते मोफत बदलून द्यावे लागले. तक्रार फक्त हाताला चिकटण्याची नव्हती. चिकट पृष्ठभाग चकाकतो, त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडते आणि समोरचा रस्ता नीट दिसत नाही.

गाडीत तापमान किती चढते? ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हात तासभर उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापले होते. डॅशबोर्डसाठी वापरले जाणारे पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असते. त्याला मऊपणा येतो तो प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रव्यांमुळे. ही द्रव्ये प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, त्यामुळे उष्णतेने हळूहळू वर झिरपतात. काचेवर आतून धरणारा तेलकट थर त्यांच्या वाफेचाच असतो. काही डॅशबोर्डवरच्या पॉलियुरेथेनच्या मऊ लेपाची गोष्ट वेगळी. हवेतली आर्द्रता त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडते आणि लेप चिकट होतो. कोकणातल्या गाड्यांना तर ऊन आणि दमटपणा दोन्ही सोसावे लागतात.

तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत, पॉलिशनेही नाही. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड एवढेच वापरा. थिनर, पेट्रोल अजिबात नको, त्याने उरलेला लेपही विरघळतो. गाडी सावलीत लावा, काचेला आतून सनशेड लावा. चकाकी डोळ्यांवर येत असेल तर मात्र डॅशबोर्ड बदलूनच घ्या.