बांधावरचा दगड आणि जमिनींतला हंडा

आमच्या जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत असें गांव विरळा, कीं जेथें बांधावर, ओढ्याकांठीं किंवा देवळाच्या पाठीमागें एखादा कोरलेला दगड उभा नाहीं. आणि असा दगडहि विरळाच, कीं ज्याच्याखालीं मोहरांचा हंडा पुरला आहे असें कोणी सांगत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां या दोन्ही तालुक्यांतील वाड्यावस्त्या आम्हीं पायीं पाहिल्या. जेथें मुक्काम पडे तेथें रात्रीं हंड्याची गोष्ट निघेच. कोणाच्या आजोबांनीं तो हंडा पुराच्या पाण्यांतून वाजत जातांना ऐकलेला असे, कोणाच्या चुलत्यानें त्यावरचा नाग पाहिलेला असे. हंडा मात्र कोणींच पाहिलेला नसे. या गोष्टी ऐकावयास गोड आहेत. परंतु त्यांच्या पायीं शेतकऱ्याचें काय जातें हें आम्हीं एकदां जवळून पाहिलें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

गोष्ट बरीच जुनी आहे. गांवाचें व माणसाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पश्चिमेकडील डोंगराळ भागांत एका शेतकऱ्याच्या नाचणीच्या वावरांत, वरच्या बांधास लागून, कमरेइतक्या उंचीचा एक दगड होता. त्यावर खालीं गाई, मध्यें माणसें व माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले होते. कोणा परगांवच्या माणसानें त्यास सांगितलें कीं, चंद्रसूर्य ही खजिन्याची खूण होय, आणि गाई जितक्या तितके हंडे. एक पायाळू मुलगा आणला, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलें, आणि मुलानें 'दिसतें' म्हणून सांगितलें. पुढें तीन अवसा खोदकाम चाललें. पूजेसाठीं व त्या माणसाच्या दक्षिणेसाठीं बैलजोडी विकली गेली, घरधनिणीच्या गळ्यांतलें डोरलें गेलें. पुरुषभर खणल्यावर मुरूम लागला व मुरुमाखालीं काळा कातळ. दगड कलंडून त्याचे दोन तुकडे झाले. परगांवचा माणूस नाहींसा झाला. पहिल्याच मोठ्या पावसांत त्या खड्ड्यावाटे बांध फुटला आणि वावराची माती ओढ्यास मिळाली.

पंचनाम्यास आम्ही गेलों होतों. वाहून गेलेलें क्षेत्र, फुटलेला बांध, बुडालेलें पीक, सर्व आम्हीं बिनचूक लिहिलें. शेवटीं लिहिलें : 'एक जुना दगड, तुटलेला, किंमत शून्य.' त्या वेळीं त्यांत कांहीं चुकलें असें आम्हांस वाटलें नाहीं.

निवृत्त झाल्यावर सवड मिळाली, तेव्हां या दगडांविषयीं जाणत्यांस विचारून व पुस्तकें चाळून जें समजलें तें असें. तो दगड वीरगळ होता. वीरगळ वाचावा तो खालून वर. तळच्या चौकटींत वीर लढतांना किंवा पडलेला दाखवितात. त्याच्याजवळ गाई असल्या तर तो गुरें राखतांना मेला असें समजावें. त्यावरच्या चौकटींत अप्सरा त्यास स्वर्गीं नेतात, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आकाशांत आहेत तोंवर याची कीर्ति राहो. कोपरांत वांकलेला, बांगड्या ल्यालेला नुसता हात कोरलेला दिसला तर तो सतीचा दगड जाणावा.

तिसरा प्रकार गद्धेगळाचा. वर चंद्रसूर्य, मध्यें बहुधा लेख, आणि खालीं गाढव व स्त्री यांचें ओंगळ चित्र. शिलाहार व यादव यांच्या अमदानींत महाराष्ट्रांत असे दगड पुष्कळ उभे झाले. राजानें किंवा त्याच्या अधिकाऱ्यानें जमीन दान दिली. जो कोणी तें दान मोडील त्यास आईवरून दिलेली ही शिवी होय. अक्षर न येणारासहि ती कळावी म्हणून चित्र काढिलें. आमच्या खात्याच्या भाषेंत बोलावयाचें तर सनद आणि तींतील दंडाचें कलम एकाच शिळेवर! ज्या चंद्रसूर्यांस लोक खजिन्याची खूण समजतात ते 'आचंद्रार्क' या शब्दाचें चित्र आहे. खूण आहे ती मुदतीची, धनाची नव्हे.

आतां डोंगरांतील लेण्यांकडे वळूं. शिवनेरी, लेण्याद्रि, मानमोडी व तुळजा या जुन्नरभोंवतींच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंसाठीं लेणीं कोरलीं गेलीं. तेथील भिंतींवर जीं अक्षरें आहेत त्यांस कोणी पांडवांची लिपी म्हणतो, कोणी म्हणतो कीं तीं वाचणारास भुयाराची वाट सांपडेल. अक्षरें ब्राह्मी आहेत, भाषा प्राकृत आहे, आणि विद्वानांनीं तीं केव्हांच वाचिलीं आहेत. त्यांत काय निघालें तें शेतकऱ्यानें मुद्दाम ऐकण्यासारखें आहे.

एका लेखांत अदुथुम नांवाच्या शकानें वडालिका येथील वीस निवर्तनें जमीन करंजाचीं झाडें लावण्यासाठीं, आणि कटपुटक येथील नऊ निवर्तनें वडाच्या झाडांसाठीं दिल्याचें नमूद आहे. निवर्तन हें त्या काळचें जमिनीचें माप. गांवाचें नांव, क्षेत्र आणि झाडाची जात : आम्हीं जन्मभर जे उतारे लिहिले त्यांहून यांत निराळें तें काय? करंजाची पेंड आम्ही आजहि जमिनीस घालतों. दुसऱ्या एका लेखांत बुरूडकाम करणारांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिचें मासिक उत्पन्न लावून दिलें आहे. म्हणजे पतपेढीची चाल आमच्या जुन्नरास नवी नाहीं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दिली. मानमोडीच्या डोंगरांत महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम यानें शेहेचाळिसाव्या वर्षीं मंडप व पोढी केल्याचा लेख आहे. शेत, झाड, व्याज आणि पाणी! खजिन्याची वाट कोठेंहि नाहीं.

नाणेघाटाची कथा याहून मोठी. घाटमाथ्यावर दगडाचा जो रांजण आहे तो जकातीच्या नाण्यांनीं दररोज भरे असें सांगतात, आणि म्हणून आसपास कोठेंतरी तीं नाणीं पुरलेलीं असावींत असा तर्क लोक करितात. तेथील लेण्यांतील मोठा लेख कर्नल साइक्स यानें १८२८ सालीं जगाच्या नजरेस आणिला. पुढें भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्यासारख्या पंडितांनीं तो वाचला. सातवाहन राणी नागनिका हिच्या घराण्यानें केलेले यज्ञ व दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे. एका यज्ञांत गाई १२ व घोडा १, दुसऱ्यांत गाई १,७०० व हत्ती १०, अशा रकमा आंकड्यांनिशीं कोरल्या आहेत. हिंदुस्थानांतील आंकड्यांच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. परंतु ध्यानांत घ्यावयाचें तें हें, कीं ती यादी दिलेल्या धनाची आहे, पुरलेल्या धनाची नव्हे. धन वांटून संपलें, म्हणूनच तर त्याची नोंद दगडावर करावी लागली. तीच गोष्ट शिवछत्रपतींच्या स्वारीची. १६५७ सालीं त्यांनीं रात्रीं तटास शिड्या लावून जुन्नर शहर लुटिलें व तीन लाख होन नेले. या लुटीवरूनहि पुष्कळ दंतकथा निघाल्या. पण महाराजांनीं होन नेले ते स्वराज्यास लावण्यासाठीं; आमच्या बांधांत पुरून ठेवण्यासाठीं खास नव्हे.

धन कधीं सांपडतच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं मिळालीं. तीं याच नहपानाचीं. आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का मारलेला. शकांचा पराभव झाला याचा तो धडधडीत पुरावा ठरला. तीं नाणीं वितळविलीं गेलीं असतीं तर चांदी उरली असती, इतिहास गेला असता.

जमिनींत कांहीं सांपडलें तर काय करावें, हेंहि येथें सांगणें अवश्य आहे. १८७८ चा निखात निधि अधिनियम याविषयीं स्पष्ट आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास सांपडणारानें कलेक्टरांस लेखी कळवावें. चौकशींत ठेव्याचा धनी न निघाल्यास, आणि सांपडणारा व जमीनमालक निरनिराळे असून त्यांच्यांत दुसरा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सांपडणारास व एक चतुर्थांश मालकास मिळतो. सरकारास तो ठेवा हवा असेल तर धातूच्या किंमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घेतां येतो. उलट जो दडवील त्याचा वांटा जातो आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे व पुढें दोनशें मीटरपर्यंत परवानगी लागते. गुप्तधनासाठीं अघोरी प्रकार करणें हा तर २०१३ च्या राज्याच्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. जो माणूस अवसेच्या रात्रीं गुपचूप या म्हणतो, त्यास दिवसाढवळ्या तलाठ्यासमोर येण्यास सांगावें. तो पुनः दिसणार नाहीं.

आणि नुसता दगडच सांपडला तर? तो हलवूं नये. त्यास रंग किंवा सिमेंट फांसूं नये. तो विहिरीच्या बांधकामांत घालूं नये. गट नंबरासह जागा लिहून ठेवावी, छायाचित्र घ्यावें व तलाठ्यामार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावें. कोंकणांत रत्नागिरी व राजापूर तालुक्यांच्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसें अशीं जीं कातळशिल्पें आहेत तीं पुष्कळशीं शेतकऱ्यांच्याच जमिनींत आहेत. लोकांनीं जागा दाखविल्या, अभ्यासकांनीं नोंदी केल्या, आणि २०२२ सालीं त्यांतील निवडक स्थळें युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत गेलीं. तीं कोणीं कोरलीं, कशासाठीं कोरलीं, याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं. पहारीनें तो खचित व्हावयाचा नाहीं.

गेल्या माघांत आम्ही त्या डोंगरांतल्या वावरावर पुनः गेलों. तो शेतकरी आतां हयात नाहीं. मुलगा जमीन करितो. बांध त्यानें ताली घालून नवा केला आहे. दगडाचें विचारिलें तेव्हां तो आम्हांस गोठ्यांत घेऊन गेला. गाई कोरलेला अर्धा तुकडा गोठ्याच्या उंबऱ्याशीं पडला होता, आणि गुरें त्यावर पाय देऊन जात-येत होतीं. आम्हीं त्यास चित्राचा अर्थ सांगितला. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मग आमच्या बाबांनीं खणलं ते कुणाचं तरी मढंच उकरलं म्हणायचं." त्याच सायंकाळीं दोघांनीं मिळून दोन्ही तुकडे मूळच्या जागीं नेऊन उभे केले व मागून मातीचा आधार दिला.

तो जुना पंचनामा दुरुस्त करण्याचा अधिकार आतां आम्हांस उरलेला नाहीं. म्हणून ती दुरुस्ती या मासिकांतच करून ठेवितों : एक वीरगळ, दोन तुकडे, पूर्वेच्या बांधावर उभा. गांवच्या गाईंसाठीं मेलेल्या एका माणसाची खूण. 'किंमत शून्य' हे शब्द रद्द समजावे.