डोंगरावरचे सर्वांत नाजूक उपकरण

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालात तर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामध्ये घोरावाडी नावाचे एक छोटे स्थानक लागते. लांब पल्ल्याच्या गाड्या त्याची दखल न घेता निघून जातात. पण या भागातला घोरवडेश्वराचा डोंगर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. प्राचीन बौद्ध लेणी, त्यांतल्या एका लेण्यात महादेव, आणि तुकाराम महाराजांच्या आठवणींशी जोडलेला हा परिसर. सुट्टीच्या दिवशी तिथे बरीच वर्दळ असते.

परिसरविज्ञानाच्या अभ्यासकाला मात्र हा भाग वेगळ्या कारणाने मोलाचा वाटतो. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. पुण्यात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. हा एवढा उतार जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरांत होतो आणि घोरावाडी बरोबर या उताराच्या मधोमध येते. कोणती वनस्पती कुठे थांबते आणि कोणती कुठून सुरू होते, हे पाहायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

समजा, तुमच्या शाळेने ठरवले की जून ते ऑक्टोबर दर रविवारी अशा एखाद्या डोंगरावर जायचे. दोरीने एक मीटर लांबीरुंदीची चौकट आखायची आणि तिच्यातले तेरड्याचे, सोनकीचे, कुसळी गवताचे प्रत्येक रोप मोजायचे. अशा वीस चौकटी, वीस आठवडे. सोबत काय न्याल? दोरी, मोजपट्टी, भिंग, तापमापक, वही. तापमापक फुटू नये म्हणून तो कापसात गुंडाळून न्याल. पण या सगळ्यांपेक्षा नाजूक असे एक उपकरण तुमच्याबरोबर डोंगर चढत असते आणि ते कापसात गुंडाळायची आठवण कोणाला होत नाही. ते उपकरण म्हणजे निरीक्षक स्वतः.

हे मी गमतीने म्हणत नाही. १७९६ साली इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रूक या आपल्या साहाय्यकाला कामावरून काढून टाकले. तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो तो क्षण किनेब्रूक सुमारे ०.८ सेकंद उशिरा नोंदवत असे. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने अनेक निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक माणसाची वेळ थोडीफार निराळी पडते असे आढळले. व्हर्निअर कॅलिपरला जशी शून्य त्रुटी असते तशी माणसालाही असते. फरक इतकाच की कॅलिपरची त्रुटी सकाळी जेवढी तेवढीच संध्याकाळी राहते. माणसाची मात्र भुकेने, उन्हाने, थंडीने आणि अपुऱ्या झोपेने वाढत जाते. विसाव्या चौकटीत सोनकीची रोपे खरोखरच कमी होती, की मोजणारा दमला होता? वही नंतर हे सांगू शकत नाही.

याउलट ताजा डोळा काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९३० च्या सुमारास डॉ. सालिम अली यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना त्यांनी शिडीवर आडोसा करून सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे ऐन पावसाळ्यात निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर त्यात राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, असा क्रम त्यांनी उलगडला. त्यावरचा त्यांचा निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. कोणता नर कोणत्या घरट्यावर होता याचा एका दुपारीही घोटाळा झाला असता, तर ही साखळी जुळली नसती.

आता या उपकरणाची निगा. मी पडलो पदार्थविज्ञानाचा शिक्षक, तेव्हा माझी नजर आधी उष्म्याकडे जाते. हिशेब सोपा आहे. वहीत करून पाहा.

तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आहे आणि तुम्ही १०० मीटर उंची चढलात असे धरू. गुरुत्वत्वरण १० धरले तर कार्य झाले ४५,००० ज्यूल. पण आपले स्नायू काही फार कार्यक्षम इंजिन नव्हेत. खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्साच त्यांच्याकडून कार्याच्या रूपाने मिळतो. म्हणजे शरीराने २,२५,००० ज्यूल खर्च केले आणि त्यांतले १,८०,००० ज्यूल नुसता उष्मा झाला. शरीराचा विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला सुमारे ३,५०० ज्यूल. तो उष्मा आतच कोंडून राहिला तर शरीराचे तापमान एक अंशाहून थोडे जास्त चढेल. शंभर मीटरला एक अंश! तीनशे मीटर चढताच तुम्ही सडकून तापलेले असाल.

तसे होत नाही, याचे श्रेय घामाला. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्मा नेतो. भागाकार केलात तर ७५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी घाम पुरतो. मात्र तो उडाला पाहिजे. टपटप गळणारा घाम काही कामाचा नाही. तो फक्त शरीरातले पाणी आणि मीठ नेतो. पावसाळी कुंद हवेत, वारा पडलेला असताना, नेमके हेच होते. म्हणून तापमापक २९ अंश दाखवतो, 'आज ऊन नाही' म्हणून सगळे खुशीत असतात आणि अकरा वाजता कोणाचे तरी डोके गरगरू लागते.

उपाय तुमच्या आजीला माहीत आहे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, गूळ-शेंगदाणे. उलटी-जुलाब झाले असतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाजावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डोंगरावर आडोसा नसतो म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हा त्यांचा दोष नव्हे. सहल आखणाऱ्याचा आहे. वेळापत्रकात चौकटींच्या आधी ही सोय लिहिली गेली पाहिजे.

आणि कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि १०८ क्रमांकाला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

उन्हाचे हे झाले. ऐन पावसात थंडी वाजते कशी, याचे मात्र पुष्कळांना नवल वाटते. महिना जुलैचा, तापमान २२ अंश, मग हुडहुडी का? उत्तर त्याच आकड्यात आहे. भिजलेल्या सदऱ्यात आणि विजारीत २०० ग्रॅम पाणी सहज मुरते. माथ्यावरच्या वाऱ्याने ते सगळे उडाले, तर ४,८०,००० ज्यूल उष्मा जाईल. तो सगळा तुमच्याच शरीरातून गेला आणि शरीराने नवा उष्मा तयार केला नाही असे मानले, तर तापमान तीन अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात थोडा उष्मा हवेतूनही येतो आणि शरीर कुडकुडून स्नायूंकरवी नवा तयार करते, म्हणून आपण निभावतो. पण जेवण झालेले नसेल तर कुडकुडायलाही इंधन नसते. मग आधी बोटे अडखळतात, वहीतले अक्षर बिघडते, नंतर जीभ आणि पाय अडखळू लागतात. ओल्या कातळावर पाय अडखळणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या, आणि काम थांबले की लगेच बदला. जाड सुती कपडे पाणी धरून ठेवतात. पातळ टेरिलीन किंवा पॉलिएस्टर लवकर वाळते. एरवी मी सुती कापडाचा कैवारी आहे, पण इथे नाही.

वीज हा याहून गंभीर विषय. मे महिन्यातले वळवाचे ढग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस हे तिचे खास दिवस. ध्वनी एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी मोजलेत तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, आणि पुढची तुमच्या डोंगरावरही पडू शकते. एकाकी झाडाखाली थांबू नये हे सर्वांना ठाऊक असते. पण लेण्याच्या ओसरीत, उथळ गुहेच्या तोंडाशी थांबणेही धोक्याचे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. कड्यावर पडलेल्या विजेचा प्रवाह खडकाच्या पृष्ठभागावरून खाली धावतो आणि गुहेच्या तोंडाशी वरच्या कडेवरून जमिनीकडे उडी घेतो. मध्ये उभा असलेला माणूस त्याला आयता सापडतो. तेव्हा दुपारी काळे ढग चढताना दिसले की उरलेल्या चौकटी सोडून उतरावे आणि पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइलवरचे ॲप आसपासच्या विजेची सूचना देते. बरोबरच्या मोठ्या माणसाच्या फोनवर ते असू द्या.

विंचू-सापांबद्दल थोडक्यात. दगड उलथताना खाली बोटे घालायची नाहीत. काठीने, तेही आपल्यापासून दूर. पायांत घोट्यापर्यंत बूट. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठायचे. लाल विंचवाच्या दंशानंतर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तरीही तेच. पूर्वी या दंशाने पुष्कळ बालके दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे मृत्यू खूपच कमी झाले. मात्र औषध द्यायला रोगी वेळेवर पोहोचायला हवा.

आता झोप. बेडकांचे आवाज मोजायला रात्री बाहेर पडणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावे. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कुशलता, रक्तात ०.०५ टक्का मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. सकाळी सहाला उठून रात्री अकराला बेडूक मोजणारा विद्यार्थी नेमका या अवस्थेत असतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. रात्रीचे काम असेल तर दुपारी दोन तास निजणे हा आळस नसून कामाचाच भाग आहे.

राहिले मन. लांबलेल्या मोसमात त्याचीही झीज होते. आठव्या आठवड्याला जावे तर आखलेल्या चौकटीत गुरे चरून गेलेली असतात. पुढे उन्हाळ्यात मावळातल्या डोंगरांना वणवे लागतात आणि खुणेचे खुंटसुद्धा जळून जातात. चार महिन्यांचे काम वाया गेले असे वाटून मुले खचतात, आपसांत भांडतात. अशा वेळी वहीत 'चरून गेले' असे तारखेसह लिहावे. शून्य हाही आकडाच आहे, आणि ती गुरे त्या परिसंस्थेचा तेरड्याइतकाच खरा भाग आहेत. त्या दिवशी मोजणी लवकर संपवून सगळ्यांनी मिळून डबा खावा. गटात एक नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवावा: सर्वांत लहान मुलाने किंवा मुलीने 'मला बरे वाटत नाही, खाली जाऊ या' म्हटले, तर कारण न विचारता सर्वांनी उतरायचे. एकट्याने मागे राहायचे नाही. हा नियम सरांनाही लागू.

शेवटी एक प्रयोग. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओली मलमलीची पट्टी गुंडाळा, पुठ्ठ्याने वारा घाला आणि पाच मिनिटांनी दोन्ही वाचा. दोघांत आठ-दहा अंशांचा फरक असेल तर घाम छान उडेल. एक-दोनच अंशांचा असेल तर कष्टाचे काम कमी करा. ओल्या तापमापकाचा आकडा ३५ अंशांवर गेला तर शरीराला उष्मा बाहेर टाकायला वाटच राहत नाही, आणि माणसाला त्रास तर त्याच्या कितीतरी आधीपासून होऊ लागतो. डोंगराच्या पायथ्याशी, मध्यावर आणि माथ्यावर असे वाचन घ्या. वहीच्या पानावर तारखेशेजारी हे दोन आकडे लिहा, आणि त्यांच्या खाली तिसरा: काल रात्री किती तास झोपलो. ऑक्टोबरअखेर, रोपांच्या मोजणीत दोघा मुलांचे आकडे सर्वांत जास्त कोणत्या रविवारी जुळले नाहीत ते शोधा आणि त्या दिवसाचे हे तीन आकडे पाहा.