जर्मनची मधली पायरी आणि आपली मराठी

साखरखेर्ड्यासारख्या गावात मराठी माध्यमातून शिकलेला दलित विद्यार्थी विद्यापीठात जर्मन घ्यायचे म्हणाला, की पहिला प्रश्न येतो: तुझे इंग्रजी कसे आहे? हा प्रश्न निरागस नाही. परकी भाषा इंग्रजीच्या दारातूनच शिकायची असते, आणि ते दार ज्यांच्या घरात आधीपासून उघडे आहे त्यांनीच आत जायचे, हे गृहीत त्यामागे आहे. व्याकरणाच्या कसोटीवर ते टिकत नाही.

पहिल्या वर्षी नाव, गाव, बाजारहाट एवढे पाठांतरावर निभते. खरी परीक्षा मधल्या पायरीवर होते. तेथे विभक्ती, उपवाक्ये आणि अप्रत्यक्ष कथन एकदम अंगावर येतात. नेमक्या याच ठिकाणी मराठी कामास येते. इंग्रजी नामाला व्याकरणातले लिंग नाही. मराठी आणि जर्मन या दोहोंत तीन लिंगे आहेत. ती प्रत्येक वेळी जुळत नाहीत. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, पण जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे. तरी निर्जीव वस्तूला लिंग असते याचे नवल मराठी मुलाला वाटत नाही. 'वाइल' म्हणजे 'कारण' आले, की जर्मन उपवाक्यातील क्रियापद शेवटी जाते. आपले क्रियापद एरवीही शेवटीच असते. ऐकीव गोष्ट सांगताना जर्मन भाषा क्रियापदाचे रूप बदलते: 'एर झाय क्रांक'. आपण एवढेच म्हणतो: तो म्हणे आजारी आहे. सांगणारा आपली जबाबदारी वेगळी ठेवतो, हे 'म्हणे' वापरणाऱ्याला लगेच कळते.

'दू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे आपण, हा भेदही तसाच. ज्याच्या आज्याला गावाने जन्मभर अरे-तुरेच केले, त्याला या दोन सर्वनामांतील अंतर कोणी समजावून द्यावे लागत नाही. अनोळखी प्रौढ माणसाला, मग तो रस्ता झाडणारा का असेना, 'झी' म्हणावे असा जर्मन शिष्टाचार आहे. पण शिष्टाचार म्हणजे समाज नव्हे. ग्युंटर वालराफ या पत्रकाराने तुर्की मजूर म्हणून वावरून १९८५ साली 'गान्झ उंटन', म्हणजे 'अगदी तळाला', हे पुस्तक लिहिले. त्याआधी, १९४५ नंतर, बोर्शर्ट आणि हाइनरिश ब्योल यांनी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या माणसांविषयी साध्या, उघड्या वाक्यांत लिहिले. ते लेखन भग्नावशेषांचे साहित्य म्हणून ओळखले गेले. मधल्या पायरीचा विद्यार्थी ते वाचू शकतो. सजवलेल्या भाषेला नकार देणारे साहित्य आपल्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे याला पूर्वपरंपराही आहे. शाळेत संस्कृत नाकारले गेल्यामुळे ज्यांना फारसी घ्यावी लागली, त्या बाबासाहेबांनी १९२१ साली लंडनमध्ये शिकत असताना जर्मन भाषेत अर्ज करून बॉन विद्यापीठात नाव नोंदविले. तेथील अभ्यास पुरा झाला नाही. गैरहजेरीमुळे जानेवारी १९२२ मध्ये त्यांचे नाव कमी झाले. परंतु एक भाषा नाकारली गेली म्हणून त्यांनी दुसरीचे दार ठोठावण्याचे सोडले नाही, हे महत्त्वाचे.

आज या भाषेचे व्यावहारिक मोलही मोठे आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र स्वतःचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मॅक्स वेबरने जातिव्यवस्थेवर जर्मनमध्येच लिहिले. आपल्या समाजाविषयी त्या भाषेत काय म्हटले गेले, हे आपण इंग्रजीच्या मध्यस्थीनेच का वाचावे? आणि आपले साहित्य त्या भाषेत नेणारे हात आपले का नसावेत?

म्हणून मागणी साधी आहे. जर्मनच्या वर्गात व्याकरण मराठीतून समजावले जावे, आणि त्यासाठी मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली जावीत. शिक्षकांनी फळ्यावर इंग्रजी वाक्याशेजारी मराठी वाक्य लिहिण्यापासून सुरुवात करावी. त्याला कोणत्याही मंजुरीची गरज नाही.