गाडीचे गमबूट

कामशेतहून पवनानगरकडे जाताना एका फाट्यावर गाडी पुरती वळवून घेतली आणि डाव्या चाकातून आवाज आला. कट्, कट्, कट्. वेग वाढला तसा आवाज घाईला आला, आणि स्टेअरिंग सरळ होताच एकदम गप्प. गाडी १९९८ सालची मारुती ८००. या वयाच्या गाडीतून रोज एखादा नवा आवाज येतोच, म्हणून मी पुढचे दोन आठवडे दुर्लक्ष केलं. ते दोन आठवडे मला महागात पडले.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमधल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवायला लावलं, चाकापाशी उकिडवा बसला, मागे बॅटरी मारली. "बूट फाटलाय, काका. लई दिवस झालेत." रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचा पट्टा उमटला होता आणि त्यावर तांबड्या मातीचा थर बसला होता. चाकामागचा रबरी बूट एका घडीत असा उसवला होता की आत बोट जावं.

हा बूट म्हणजे एक्सलच्या सांध्यावर चढवलेली घड्याघड्यांची रबरी पिशवी. कंदिलासारखी दिसते. किंमत काही शेकड्यांत. पण तिच्या आत जो सांधा बसलेला असतो, त्याची गोष्ट मोठी आहे.

फियाट आणि अॅम्बेसिडरच्या काळात चाकांनी कामं वाटून घेतली होती. पुढची वळायची, मागची ढकलायची. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, लावलेले असत. क्रॉसचा स्वभाव विचित्र. दोन शाफ्टमध्ये कोन झाला, की एक शाफ्ट एकसारखा फिरत असताना दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन लहान असेल तर ते खपून जातं. वळणाऱ्या पुढच्या चाकालाच ताकद द्यायची म्हटली, तर मात्र हाताला हिसके बसतील.

यावरचा पक्का उपाय फोर्ड कंपनीतले इंजिनिअर आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२६च्या सुमारास काढला. बाहेर एक पोलादी वाटी, आत एक गोळा, दोहोंत समोरासमोर कोरलेल्या सहा खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक गोळी. सहाही गोळ्या एका जाळीत अडकवलेल्या. चाक कितीही वळो, ही जाळी गोळ्यांना त्या कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवते, आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरतात. म्हणून हा कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे सीव्ही जॉइंट. १९५९ साली इंग्लंडच्या छोट्या मिनीने तो घरोघरी पोचवला. आपल्याकडे तो मोठ्या संख्येने आला १९८३च्या डिसेंबरात, मारुती ८००बरोबर. तोवर इथल्या फिटर मंडळींना क्रॉस ठाऊक होता, बूट नव्हता. (बाजाराच्या दिवशी कामशेतात भाजी उतरवणाऱ्या ओम्नीचे मालक आजही निश्चिंत असतात. ओम्नी मागच्या चाकांवर चालते. तिला पुढे हा बूटच नाही.)

सहा गोळ्या आणि सहा खाचा यांच्यामध्ये असतो ग्रीसचा पातळ थर. साधं ग्रीस इथे चालत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं, काजळासारखं काळं ग्रीस लागतं. बूट ते आत धरून ठेवतो आणि पाणी-माती बाहेर. चाकाकडचा बूट आधी फाटतो, कारण प्रत्येक वळणावर तो एका बाजूने ताणला आणि दुसऱ्या बाजूने चेपला जातो. रबर वयाने कडक होतं, घडीच्या तळाशी केसाएवढी चीर पडते आणि फिरणारा एक्सल ग्रीस बाहेर भिरकावू लागतो.

ही चीर कोरड्या गावात पडली तर मालकाला थोडी सवड मिळते. मावळात ती मिळत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पासष्टेक किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. जुलैत भुशीच्या रस्त्याला, आयएनएस शिवाजीवरून अँबी व्हॅलीकडे जाताना किंवा लोहगडवाडीच्या चढाला चाकं अर्धी पाण्यातून जातात. भाताच्या खाचरांतून रस्त्यावर आलेला चिखल चिरेतून आत शिरतो आणि उरल्यासुरल्या ग्रीसमध्ये कालवला जातो. मग ते वंगण राहत नाही, त्याचा पॉलिश पेपरच होतो. त्यात लोहगडाची ती वळणं. स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलेलं, पहिला गिअर, गाडीत पाच माणसं आणि चढ. सांध्यावर सगळ्यात जास्त भार आणि सगळ्यात मोठा कोन नेमका एकाच वेळी येतो.

माझ्या डाव्या सांध्याचं तेच झालं होतं. मेकॅनिकने मला ब्रेक दाबून बसवलं आणि गाडी जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट सैल केला. पान्याला लांब पाइप लावावा लागला. मग जॅक आणि जॅकच्या जोडीला घोडी. नुसत्या जॅकवर विसंबून तो गाडीखाली हात घालत नाही, हे मला आवडलं. गिअर ऑइल आधीच तसराळ्यात काढून घेतलं, नाहीतर एक्सल उपसताना ते अंगावर येतं. खालचा बॉल जॉइंट सोडवला, चाकाचा नकल बाहेर ओढला आणि एक्सल हातात आला. डिझेलने धुतल्यावर वाटीतल्या खाचा उजेडात धरल्या. जिथे आरशासारखं गुळगुळीत हवं तिथे खळगे पडले होते. "यावर नवा बूट चढवला तरी आवाज जाणार नाही," तो म्हणाला. काही शेकड्यांचं काम काही हजारांवर गेलं.

उजवीकडे नशीब बरं निघालं. बुटाला नुसत्या भेगा होत्या, आत ग्रीस शाबूत. तो बदलताना खरी कारागिरी पाहायला मिळाली. या मारुतीत चाकाकडचा सांधा सहसा खोलत नाहीत. बूट उलट्या टोकाने घालतात. म्हणून गिअरबॉक्सकडचा तीन रोलरचा सांधा काढायचा. काढण्याआधी त्याने पंचने खूण केली, जसा होता तसाच परत बसावा म्हणून. सर्क्लिप काढली, आतला बूट सरकवला, मग बाहेरचा जुना कापून टाकला. नव्या बुटाबरोबर आलेली ग्रीसची अख्खी पुडी बोटाने खाचांत दाबून भरली. क्लॅम्प आवळण्याआधी त्याने बुटाच्या ओठाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून क्षणभर हवा सोडली. हवा कोंडून राहिली तर बूट फुगतो, कमी पडली तर घड्या आत ओढल्या जातात. दोन्हीत तो वर्षभरात फाटतो. हे त्याला कोणी शिकवलं, विचारलं. "फाटलेल्या बुटांनी," म्हणाला आणि नवा नट टॉर्क रेंचने आवळू लागला.

एक्सल न उतरवता चढवायचे चिरलेले, चिकटवून जोडायचे बूटही बाजारात मिळतात. घरी पोचण्यापुरते ठीक आहेत. पण चिकटवायची जागा पूर्ण कोरडी आणि तेलमुक्त हवी, आणि ती श्रावणातल्या लोणावळ्यात रस्त्याच्या कडेला मिळेल असं मला वाटत नाही. क्लॅम्पऐवजी प्लास्टिकची पट्टी बांधणाऱ्याकडे मी तरी गाडी देणार नाही.

पंधरा वर्षांपुढची गाडी ठेवायची तर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याची तारीख आपण लक्षात ठेवतो. तशीच ही एक ठेवा. मेच्या शेवटच्या रविवारी आणि पुन्हा गणपती गेल्यावर, अंगणात स्टेअरिंग आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला पूर्ण फिरवा, गाडी बंद करून हँडब्रेक लावा आणि चाकामागे बॅटरी मारा. भेग दिसली किंवा रिमच्या आत काळा पट्टा दिसला, तर त्याच आठवड्यात बूट बदलून घ्या. कट्कट् सुरू झाली असेल, तर मात्र नुसत्या बुटावर पैसे घालू नका.