पाणीपाळीचा डाव

एक लाकडी फळी घ्यायची आणि तिची एक बाजू उंच करून ती उतरती ठेवायची. मधोमध वरून खाली जाणारी पन्हळ म्हणजे नदी, आणि काठांवरचे छोटे खळगे म्हणजे शेतं. वरून काचेच्या गोट्या सोडायच्या, हे झालं पाणी. प्रत्येक खेळाडूने आपल्या शेतापाशी नदीत काडी आडवी घालायची आणि गोट्या आपल्या खळग्यांकडे वळवायच्या. पहिल्या डावात जे व्हायचं तेच होतं. वरच्यांचे खळगे भरतात आणि खालच्याच्या वाट्याला एखाददुसरी चुकार गोटी येते. मग खालचा उठून वर येतो, वाद घालतो, काडी काढायला सांगतो, आणि तिथे खरा खेळ सुरू होतो. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले सिंचनतज्ज्ञ ब्रूस लँकफर्ड यांनी हा ‘रिव्हर बेसिन गेम’ टांझानियातल्या शेतकऱ्यांसाठी घडवला. त्यात संगणक नाही, पडदा नाही, वीजही लागत नाही. तरीही गेम डिझाइन म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणं अवघड आहे.

ही फळी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नेली, तर ती कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. निरा डावा कालवा ब्रिटिश काळातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचं पाणी आधी बारामती आणि पुढे इंदापूर तालुक्यात जात आलं आहे. तेव्हापासून इथल्या माणसाचं निम्मं राजकारण आणि बरीचशी शेती एकाच प्रश्नाभोवती फिरते: आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोहोचणार का? पाणी मागण्याचा सात नंबरचा अर्ज, पाटकऱ्याची फेरी, रात्री-अपरात्री दारं धरणं, वरच्याने फोडलेली चारी, टेलकडून वर पाणी देत येण्याची मागणी, या सगळ्यांची मिळून एक नियमावली होते. ठरावीक साधन, अनेक खेळाडू, प्रत्येकाचं वेगळं उद्दिष्ट आणि पाळायचे किंवा मोडायचे नियम, हा तर खेळाचाच सांगाडा आहे. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की, बारामती-इंदापूर परिसरात व्हिडिओ गेम डिझाइनची विद्यापीठीय पदवी सुरू करायची असेल, तर तिचा पाया या जाणिवेवर घालावा. संगणकाची प्रयोगशाळा त्यानंतर यावी. उलट क्रमाने गेलो, तर पदवी निघेल, पण ती फार टिकणार नाही.

गेम डिझाइन म्हटलं की कोडिंग किंवा चित्रकला डोळ्यांपुढे येते. ही दोन्ही कामं गेमला लागतात, पण डिझाइन या दोहोंहून वेगळं आहे. कोडिंग करणारा नियम यंत्राला समजावतो, चित्रकार ते डोळ्यांना दिसतील असे करतो आणि डिझायनर मुळात नियम ठरवतो. विटीदांडूत ‘वकट, लेंड, मूंड’ म्हणत विटी कोणत्या अवयवावर ठेवून टोलवायची, लगोरी रचताना चेंडू लागला तर काय, राज्य कोणावर, सगळ्यांत धाकट्या भिडूला किती सूट द्यायची, हे सगळं कोणीतरी कधीतरी ठरवलं आहे, आणि गल्लीगल्लीत ते बदललंही आहे. नियम फार सोपा झाला की कंटाळा येतो आणि फार कडक झाला की रडीचा डाव सुरू होतो. या दोहोंमधला तोल साधणं हीच डिझायनरची विद्या. ती सॉफ्टवेअरला बांधली तर काय होतं, याचे दाखले ताजे आहेत. एका पिढीने फ्लॅशवर गेम बनवायला शिकून घेतलं, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या लोकप्रिय गेम इंजिनच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं. जगभरचे छोटे निर्माते खवळले आणि वर्षभराने कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. चार वर्षांचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या दरपत्रकावर उभा करणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर ऊस लावणं. गोडॉटसारखं मुक्त इंजिन वापरावं, युनिटी आणि अनरियलही शिकवावीत, पण अवजारं म्हणून. अवजार बदललं तरी विद्या हाती राहिली पाहिजे.

नियमांशी खेळण्याची परंपरा बारामतीला बाहेरून आणावी लागणार नाही, कारण ती इथे अठराव्या शतकात बहरून गेली. कवी मोरोपंत बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला होते, आणि त्यांनी एकशे आठ रामायणं रचली अशी ख्याती आहे. आकडा बाजूला ठेवला तरी त्यातल्या प्रयोगांची जात पाहण्यासारखी आहे. त्यांचं ‘निरोष्ठ रामायण’ ओठाला ओठ न लावता म्हणता येतं, म्हणजे त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत. आता विचार करा. सांगायचं रामायण, आणि ‘राम’ हे नावच उच्चारायला बंदी! सीतेला नेहमीच्या नावाने हाक मारता येते, तिच्या नवऱ्याला येत नाही. कवीने स्वतःवर एक नियम लादून घेतला, आणि त्या नियमाने त्याला प्रत्येक ओळीत नवी वाट शोधायला भाग पाडलं. टीकाकारांनी अशा रचनांना शब्दांची कसरत म्हटलं, आणि काव्य म्हणून तो आक्षेप एका मर्यादेपर्यंत खराही आहे. पण गेम डिझाइन शिकणाऱ्यासाठी हा पहिल्या सत्राचा धडा आहे. बंधन घातल्याने खेळाचा आनंद कसा जन्माला येतो, हे एकाच ग्रंथात दिसतं.

दुसरं उदाहरण दर आषाढात रस्त्यावर दिसतं. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण. मधे पालखी, भोवती वारकऱ्यांचं कडं. मग पताकावाले, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका, विणेकरी अशी धाव होते आणि शेवटी अश्व धावतात. कोणी कधी धावायचं, कोणी थांबायचं, रिंगण कुठवर मोकळं ठेवायचं, हे सगळं ठरलेलं असतं. शिट्टी वाजवणारा पंच नसतो आणि जिंकणारा-हरणाराही नसतो. तरीही हजारो माणसं श्वास रोखून पाहतात. जिंकण्याखेरीज खेळात दुसरं काय असू शकतं, हा प्रश्न जगभरचे डिझायनर आज विचारत आहेत, आणि त्याचं एक उत्तर बेलवाडीच्या माळावर दरवर्षी धावतं.

यावर पहिला आक्षेप गावाच्या आकाराचा येतो. पुण्यात, मुंबईत असे अभ्यासक्रम असताना तालुक्याच्या गावी ते कशाला? याला उत्तर स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचं आहे. बंगालातून येणाऱ्या तागावर ते शहर जगलं आणि गिरण्या बंद पडल्यावर खचलं. तिथे टाइमेक्सच्या कारखान्यात सिंक्लेअरचे स्पेक्ट्रम संगणक जोडले जायचे, त्यामुळे कामगारांच्या घराघरांत संगणक पोहोचले. त्याच कारखान्यात उमेदवारी केलेल्या डेव्हिड जोन्सने पुढे डीएमए डिझाइन कंपनी काढली. तिने १९९१ मध्ये ‘लेमिंग्ज’ आणि १९९७ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ आणला. त्याच १९९७ साली डंडीच्या ॲबर्टे विद्यापीठाने कॉम्प्युटर गेम्सची पदवी सुरू केली, तेव्हा ब्रिटनमध्ये दुसरीकडे कुठेही अशी पदवी नव्हती. लंडनला न जाता ही पदवी गिरणीगावात जन्मली, कारण गावाच्या अनुभवातून तिला माती मिळाली होती. बारामतीजवळ टाइमेक्स नव्हतं, हे खरं. पण इंदापूर तालुक्यातलंच वालचंदनगर पाहा. साखर कारखान्याभोवती वसलेल्या त्या गावात अवजड यंत्रं घडू लागली आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही तिथे तयार झाले. उसाच्या फडात सूक्ष्म कारागिरी रुजत नाही, हा समज या तालुक्याने केव्हाच खोटा ठरवला आहे.

संस्थांचा पायाही आहे. १९६२ चं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आज स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम ठरवण्याची मोकळीक त्याला आहे. विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून शाळेपासून अभियांत्रिकीपर्यंत शिकवत आलं आहे. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं यांवरून कोणत्या वावराला किती पाणी, किती खत, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. इथेच गेम डिझाइनची खरी गरज दिसते. ‘आज पाणी देऊ नका’ असा सल्ला यंत्र एकट्या शेतकऱ्याला देऊ शकतं. पण आवर्तन आलेलं असताना शेजारी पाणी घेत असेल, तर एकटा शेतकरी हातची पाळी सोडेल का? तो सामूहिक पेच आहे, आणि तो खेळूनच कळतो. लँकफर्डच्या फळीने हेच केलं होतं. सेन्सरचे आकडे, कालव्याचं वेळापत्रक आणि माणसांचे स्वभाव एकत्र मांडून त्यावर डाव रचणारा पदवीधर पुण्याच्या स्टुडिओइतकाच पाटबंधारे खात्याला आणि साखर कारखान्याला हवासा वाटला पाहिजे.

दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. ‘इंडस’ हा गेम बनवणारं सुपरगेमिंग पुण्याचं. २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम जगापुढे आणणारं नॉडिंग हेड्सही पुण्याचं. पण याच उद्योगात २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीचं काम २०२० मध्ये पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये ते कॅनडातल्या माँट्रियलकडे नेलं. यातून एक गोष्ट कळते. दुसऱ्याने आखलेलं काम करून देणाऱ्याच्या हातून ते कधीही काढून घेता येतं. ठरवणाऱ्याची जागा त्यामानाने पक्की असते. म्हणून नोकरीचा आक्षेप डिझाइन-केंद्रित पदवीच्या बाजूनेच जातो. मात्र तो प्रवेशाच्या जागांवर मर्यादा घालतो. शंभर-सव्वाशे मुलांची तुकडी भरून ‘प्लेसमेंट’ची जाहिरात करणं ही फसवणूक ठरेल. वीस-पंचवीस जागा पुरेत. सरकारची साथही आता मिळू शकते. केंद्राने मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ सुरू केली, आणि राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. पण धोरणाच्या पैशाने इमारत उभी राहते, विद्या उभी राहतेच असं नाही. पुण्याजवळ २००८ मध्ये फ्रेंच संस्थेच्या सहकार्याने डीएसके सुपिनफोकॉमने व्हिडिओ गेमचं शिक्षण मोठ्या थाटात सुरू केलं होतं. पालक उद्योगसमूह आर्थिक संकटात सापडला आणि त्या प्रयोगाचाही आधार गेला. आयात केलेला अभ्यासक्रम आणि एकाच धन्याचा खांदा, यांवर संस्था किती काळ तोलायची, हा धडा बारामतीने घ्यायला हवा.

तिसरा आक्षेप घराघरांतला आहे: गेम म्हणजे व्यसन आणि जुगार. गावात रमीच्या नादाने कर्जबाजारी झालेल्यांच्या गोष्टी ऐकल्या की पालकांना दोष देता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक-शैक्षणिक गेमना उत्तेजनाची तरतूदही ठेवली. ही रेघ नेमकी कुठे ओढायची, हे शिकवणं पदवीचं काम आहे. मनाला गळाला लावणारा गेम अपघाताने तयार होत नाही. बक्षीस केव्हा द्यायचं, केव्हा हुलकावणी द्यायची, हरलेल्याला ‘आणखी एकच डाव’ असं कसं वाटायला लावायचं, हे कोणीतरी हिशोबाने बसवलेलं असतं. सारीपाटापासून लुडोपर्यंतच्या फाशांमागचं गणित ज्याला सोडवता येतं, त्यालाच हा सापळा उघडून दाखवता येतो. विषाची परीक्षा जाणणारा वैद्य आपल्याला चालतो, मग याच न्यायाने सापळा ओळखणारा डिझायनर का नको?

यातून पहिल्या वर्षाची रूपरेषा निघते. पहिल्या सत्रात संगणकाला हात लावायचा नाही. कागद, सोंगट्या, गोट्या, काड्या आणि फाशांनी खेळ रचायचे. निरोष्ठ रामायणाच्या धर्तीवर एक बंधन घालून घ्यायचं आणि त्यात गंमत आणून दाखवायची. दुसऱ्या सत्रात त्यातलाच एक खेळ पडद्यावर आणायचा आणि त्याची भाषा मराठी ठेवायची. नियम मायबोलीत नेमका लिहिता आला नाही, तर तो मुळात नेमका सुचलेलाच नाही असं समजावं. आणि वर्षअखेरची परीक्षा वर्गाच्या चार भिंतींत घेऊ नये. विद्यार्थ्यांनी निरा कालव्याच्या आवर्तनावर आपापला खेळ रचावा आणि तो इंदापूरच्या टेलच्या एखाद्या गावात पारावर मांडावा. एका बाजूला मुखाकडचा ऊसवाला, दुसऱ्या बाजूला टेलचा डाळिंबवाला, मधे पाटकरी. तिघंही खेळता खेळता भांडले आणि तरीही दुसरा डाव मांडायला तयार झाले, तर विद्यार्थी उत्तीर्ण. गोट्या वरच्या खळग्यांतच संपल्या आणि खालचा माणूस मुकाट्याने उठून गेला, तर नापास, मग त्याच्या पडद्यावरचं चित्र कितीही देखणं असो.