रुपया उतरवला गेला तेव्हा

६ जून १९६६ रोजी भारत सरकारने डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून थेट ७ रुपये ५० पैशांवर नेला. शंभर डॉलरचे परदेशी यंत्र ४७६ रुपयांना पडत होते, ते ७५० ला पडू लागले. आपल्या चलनाची परकी चलनातली किंमत सरकारने अशी ठरवून उतरवणे म्हणजे अवमूल्यन.

हेतू सरळ होता. परदेशी गिऱ्हाइकाला भारतीय माल स्वस्त पडावा, निर्यात वाढावी आणि महाग झालेली आयात आटोक्यात यावी. पण आयात टाळण्याजोगी तर हवी! १९६५ मध्ये युद्ध झालेले, पावसाने दगा दिलेला, अमेरिकेचा गहू बोटींनी येत होता. यंत्रांच्या सुट्या भागांनाही पर्याय नव्हता. परदेशी कर्जाचा रुपयांतला बोजा तर तत्काळ दीडपटीहून अधिक झाला. त्यातच सरकारने निर्यातदारांची अनुदाने काढली, ताग आणि चहावर निर्यातकर बसवला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने बरेचसे परत घेतले. १९६६ चा पाऊसही तुटपुंजाच ठरला. महागाई भडकली आणि खापर फुटले ते मुख्यतः अवमूल्यनावर, हे थोडे अन्यायाचेच.

इंदिरा गांधींच्या सरकारवर टीकेची झोड उठली. या धड्यानंतर उघड अवमूल्यन झाले ते थेट जुलै १९९१ मध्ये, परकी गंगाजळी आटल्यावर, १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत.

१९९३ पासून मात्र रुपयाचा भाव मुख्यतः बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक डॉलरची खरेदी-विक्री करून चढउतार सौम्य करते, एवढेच.