नाव काय, गाव कोणते?

२०२५च्या वैशाखात कोपरखैरणे गावठाणातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी लग्न होते. हळदीच्या आदल्या रात्री ते सारे घर एक गाणे शोधत होते.

त्या घरची आजी धवलारीण होती. आगरी समाजातल्या लग्नात एकेका विधीला धवले गाणारी, आणि एके काळी भटजीच्या जागी उभी राहून लग्नही लावणारी बाई म्हणजे धवलारीण. आजी २०२१ साली गेली. पण २०१७ मध्ये पुतण्याच्या लग्नात ती गायली होती, कोणीतरी ते मोबाइलवर टिपले होते आणि यूट्यूबवर चढवलेही होते, एवढे सर्वांना पक्के आठवत होते. सुनेने ‘आजीचे गाणे’ असे लिहून पाहिले, तर चष्मा लावलेली कार्टूनमधली आजी नाचत आली. ‘आगरी हळदीची गाणी’ म्हटले, तर डीजेचा दणदणाट. शेवटी रात्री साडेअकराला कोणाला तरी जुना मोबाइल आठवला, तो चार्जिंगला लावला आणि चित्रफीत सापडली. ती यूट्यूबवरच होती, गेली आठ वर्षे. शीर्षकाच्या जागी कॅमेऱ्याने दिलेली ‘व्हीआयडी’ ही अक्षरे आणि पुढे तारखेचे आकडे. वर्णनाची जागा कोरी. आजवर पाहणारे एकतीस.

लग्न पार पडल्यावर सूनबाई माझ्याकडे आल्या. “काका, तुम्ही पेपरात लिहिता. याला नीट नाव द्या आणि खाली दोन ओळी लिहून द्या. पुन्हा असं शोधत बसायला नको.” पाच मिनिटांचे काम म्हणून मी होकार दिला. ते काम तीन आठवडे चालले.

आपल्याला वाटते, चित्रफीत म्हणजे दिसणारी वस्तू. दिसली की कळली. परंतु शोधणाऱ्याच्या हाती असतात ते शब्द, आणि शोधून देणारे यंत्रही आधी शब्दच जुळवून पाहते. शीर्षक, वर्णन आणि चित्रफितीतला आशय हे विचारलेल्या शब्दांशी कितपत जुळतात, शिवाय पाहणारे त्यात किती रमतात, यावर क्रम ठरतो, असे यूट्यूबच सांगते. यंत्राला आता बोललेलेही बरेच समजू लागले आहे, हे खरे. पण हळदीच्या मांडवातली वाजंत्री, भांड्यांचा खणखणाट, पोरांचा कालवा आणि त्यातून वाट काढणारा सत्तरीतल्या बाईचा आगरी बोलीतला सूर! तिथे शेजारच्या खोलीतल्या माणसाला शब्द कळत नाहीत, तर यंत्राची काय कथा.

असे निनावी पडून राहिलेले आपणच नाही. २००९ ते २०१२ या काळात आयफोनमध्ये चित्रफीत थेट यूट्यूबवर पाठवण्याचे बटण होते. जगभरच्या लोकांनी ते दाबले आणि वाढदिवस, पहिले पाऊल, आजोबांचा खोकला असे कितीतरी ‘आयएमजी’ आणि चार आकडे एवढ्याच नावाने तिथे जाऊन पडले. रायली वॉल्झ नावाच्या एका अमेरिकन तरुणाने २०२४ मध्ये ते हुडकून एका ठिकाणी पाहायला ठेवले, तेव्हा कुठे लोकांचे लक्ष गेले.

तर आम्ही बसलो लिहायला. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा, वर्णनाला पाच हजारांची. त्यातल्या पहिल्या दोनतीन ओळीच काय त्या आधी दिसतात, बाकीचे झाकलेले राहते. म्हणून महत्त्वाचे ते सुरुवातीलाच. पण महत्त्वाचे कोणते? मी लिहिले, ‘आमच्या लाडक्या आजीच्या सुरेल आठवणी’. सूनबाईंना आवडले. मग माझ्याच ध्यानात आले, की जगातले कोणीही हे शब्द लिहून आजीला शोधायला येणार नाही. ज्याला ती हवी आहे तो ‘धवला’ म्हणेल, ‘आगरी लग्न’ म्हणेल, ‘हळदीचे पारंपरिक गीत’ म्हणेल किंवा गावाचे नाव घेईल. लाडकेपण आपल्यापाशी ठेवावे. परक्याला नाव आणि गाव सांगावे.

आणि नावापाशीच अडलो. ‘धवला’, ‘धवले’ की ‘ढवला’? गाणारी ‘धवलारीण’ की ‘धवलारीन’? एकाच गावात चार घरी चार उच्चार. मराठीचा अभ्यासक असेल तो ‘धवळे’ लिहील, कारण त्याला तेराव्या शतकातली महदंबा आठवेल. गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी तिने गायिलेले धवळे मराठीतल्या आद्य काव्यांत गणले जातात. रिद्धपूरचा तो शब्द सातशे वर्षांनी खाडीकाठच्या एका मांडवात एका निरक्षर बाईच्या तोंडी असावा, हे मला त्या रात्रीपर्यंत कधी सुचलेही नव्हते. वर्णनात आम्ही एक साधे वाक्य घातले: ‘या लग्नगीतांना आगरी भागात धवला किंवा ढवला म्हणतात; जुन्या मराठीतला शब्द धवळे.’ शोधणारा तिन्हीपैकी कोणत्याही दाराने आला तरी आत यावा, एवढाच हेतू.

रोमन लिपीचा घोळ निराळाच. आपली निम्मी तरुण पोरे मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधतात. एकट्या ‘कोपरखैरणे’चे पाहा: कोणी एक शब्द करतो, कोणी दोन, कोणी ‘खैर’नंतर ‘ए’ घालतो, कोणी गाळतो. नव्या मुंबईतल्या गावांचे असेच आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसले, तेव्हा कागदोपत्री ते ‘न्यू बॉम्बे’ होते. मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२च्या मे महिन्यात, त्याच वर्षी महापालिका सुरू झाली. गावांची नावे ‘नोड’ना मिळाली आणि मूळ गाव ‘गावठाण’ होऊन बसले. आज ‘कोपरखैरणे’ म्हटले की बहुतेकांना सेक्टरच आठवतात. म्हणून आम्ही ‘कोपरखैरणे गाव, नवी मुंबई’ असे लिहिले. गावच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी उतरवून कोणी चढवणार असेल, तर ‘न्यू बॉम्बे’ही जरूर लिहावे. त्या काळी इथे राहून गेलेला माणूस त्याच नावाने शोधणार.

पुतण्याला मात्र हे सारे मिळमिळीत वाटले. त्याचे म्हणणे, खाली गाजलेल्या गायकांची नावे, ‘सुपरहिट’, ‘नवीन कोळीगीत’ असे पन्नासएक शब्द ओळीने ठोकून द्यावेत, मग बघा पाहणारे कसे वाढतात ते. मी कडाडून विरोध केला. एक तर यूट्यूबच्या नियमांतच ते बसत नाही. वर्णनात शब्दांची अशी भरताड करणे आणि दिशाभूल करणारी माहिती देणे यावर कारवाई होते. खूणशब्दांसाठी वेगळी जागा असते, पण तिचा उपयोग फार थोडा, आणि तो मुख्यतः चुकीच्या लिहिण्याने शोधणाऱ्यांसाठी, हेही तेच सांगतात. आमचे रोमन अवतार आम्ही तिकडे टाकले. दुसरे म्हणजे गाजलेल्या गायकाचे नाव वाचून आलेला माणूस अर्ध्या मिनिटात निघून जातो, आणि तो रमला नाही याचीही नोंद होते. आणि तिसरे, खरे कारण: आजीच्या गाण्याखाली खोटे लिहायचे? यावर तो गप्प बसला. पटले की नाही ठाऊक नाही.

त्याची समजूत काढताना मी पोपटीचे उदाहरण दिले. रायगड जिल्ह्यात आणि आपल्या पनवेल-उरणकडे थंडीत शेतावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, हवे तर अंडी आणि कोंबडी; पाणी अजिबात नाही; वरून पाल्याने तोंड बंद करून मडके पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. आता चित्रफितीला नुसते ‘पोपटी’ असे नाव दिले, तर साडीचा रंगही तोच. ‘आमची मज्जा’ म्हटले तर विचारायलाच नको. ‘वालाच्या शेंगांची मडक्यातली पोपटी, भांबुर्डीचा पाला घालून, रायगड पद्धत’ असे लिहिले, की ज्याला पोपटी हे नाव ठाऊक आहे तोही येतो आणि ‘मडक्यात शेंगा कशा भाजतात’ असे विचारणारा नागपूरकरही येतो. आपल्या भाषेत शब्द रूप बदलतात: शेंग, शेंगा, शेंगांची, लग्न, लग्नात, लग्नाचे. यादी करण्यापेक्षा सरळ वाक्ये लिहिली, की ही रूपे आपोआप येतात आणि वाचणाऱ्यालाही शिक्षा होत नाही.

मध्येच एक फजिती झाली. घरातल्या एकाचे डीटीपीचे दुकान आहे. त्याने सगळा मजकूर सुबक टाइप करून पाठवला; यूट्यूबवर चिकटवला तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा नुसता कचरा! नव्वदच्या दशकात आपल्याकडे छपाईसाठी जे मराठी फॉन्ट आले, त्यांत दिसायला ‘क’ असे, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरच असे. वर फक्त मराठी अंगरखा. फॉन्ट काढला की अंगरखा गळाला. त्या काळी संकेतस्थळांवर चढलेला कितीतरी मराठी मजकूर याच कारणाने शोधयंत्रांना वाचता येत नसे. लग्नपत्रिकेला आजही ते फॉन्ट चालतात, शोधायच्या मजकुराला युनिकोडच हवे. मोबाइलवरच्या साध्या मराठी कळफलकाने लिहिले की काम भागते. सूनबाईंनी सगळे पुन्हा बोटाने लिहिले.

हे चालू असताना मला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामाची आठवण झाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांपुढे मांडायला सुरुवात केली. तिथली एखादी ओवी उघडून पाहा. गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुले किती, व्यवसाय काय, कोणत्या दिवशी ध्वनिमुद्रण केले, आणि ओवीचा विषय काय, हे खाली लिहिलेले असते. त्यामुळे मुळशीतल्या एका बाईने जात्यावर बसून आईविषयी काय म्हटले, ते अमेरिकेतल्या वाचकालाही गावते. वर्णन लिहायचे कसे, याचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. आणि तो चित्रफितींच्या कितीतरी आधी, वहीपेन्सिल घेऊन गावोगाव हिंडलेल्या माणसांनी घालून दिला आहे.

तेच प्रश्न आम्ही आमच्यापुरते विचारले. आजीचे पूर्ण नाव घालायचे का? घालायचे, असे तिच्या तिन्ही मुलांनी एकमुखाने सांगितले. माहेरचे गाव? यावर दोघा भावांत मतभेद झाला आणि धाकट्या आत्याला फोन लागला. घराचा पत्ता, फोन नंबर अर्थातच नाही. मागे नाचणाऱ्या लहान मुलीच्या आईलाही विचारून घेतले.

शेवटी राहिले वेळांचे टप्पे. वर्णनात मिनिट-सेकंद लिहून पुढे काय आहे ते नोंदवले, तर चित्रफितीचे आपोआप भाग पडतात. पहिला टप्पा ००:०० हवा, किमान तीन टप्पे हवेत, प्रत्येक दहा सेकंदांचा तरी. (आकडे इंग्रजीत लिहिलेले बरे.) म्हणजे प्रत्येक ठिकाणी आजी कोणत्या विधीचे गात आहे, हे सांगणे आले. मांडवाचे ओळखू आले, हळदीचे ओळखू आले. ४:१० पासूनचे कोणालाच सांगता येईना. मुलांना नाही, सुनांना नाही. ज्यांनी जन्मभर ते ऐकले त्यांनाही नाही. २०१७ मध्ये विचारले असते तर आजीने हसत हसत सांगितले असते. गावात आता अशी जाणती एकच म्हातारी उरली आहे, आणि तिला ऐकू येत नाही.

दोन आठवडे ती ओळ मोकळी राहिली. मग कोणाला तरी दिव्याची, म्हणजे ऐरोलीजवळच्या दिवा गावची, एक मावशी आठवली. सूनबाई रिक्षा करून गेल्या आणि मोबाइल तिच्या कानाशी धरला. मावशीने दहा सेकंद ऐकले आणि तोंडाला पदर लावला. “अगो, यो धवला नाय!”

आजी विहिणीची थट्टा करत होती. तिचे नाक, तिचा रुसवा, तिने आणलेला अपुरा आहेर, सगळे यथास्थित आणि बऱ्याच झोंबऱ्या शब्दांत. ती विहीण चित्रफितीत समोरच पाटावर बसलेली आहे आणि आजही खणखणीत आहे. आता हे लिहायचे कसे? पुन्हा सगळे घर बसले. पुतण्या म्हणाला, तेवढे कापून टाकू. सूनबाईंनी सरळ विहीणबाईंनाच फोन लावला.

वर्णनात आता ‘विहिणीची थट्टा, पारंपरिक’ अशी नोंद आहे. तिच्यापुढे विहीणबाईंचे नाव आहे, गावासकट. ते घालायलाच हवे, असा त्यांचा हट्ट होता.